जावेचा अंगठा

आमच्या सासरगावात आजही ‘मेंबरीण’ म्हटलं की लोकांचं बोट माझ्या धाकट्या जावेकडे जातं. निवडून आलेली मेंबर मी होते. एक नाही, दोन नाही, चांगली पाच वर्षं. सभेत सतरंजीवर बसून सरपंचाच्या तोंडावर ठराव वाचून दाखवणारी मी. पण नाही! मेंबरीण कोण, तर ती. मागच्या दिवाळीला गावी गेले तर एसटीतून उतरल्या-उतरल्या एक म्हातारी मला विचारते, ‘तुमी मेंबरीणबाईच्या मोठ्या जाऊ नं वं?’ मी ‘हव’ म्हटलं, दुसरं काय म्हणणार? पण पोटात जे दुखलं ते घरी पोचेपर्यंत काही थांबलं नाही.

माझं पोट लहानपणापासूनच असं आहे. दुसऱ्याच्या ताटातला लाडू मला नेहमी मोठा दिसला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला भली बाई समजून फसायला नको.

मी खाप्याची. आमचं खापं काही नागपूर नव्हे, पण म्युनिसिपालटीचं गाव. रस्त्यात दिवे, कन्हानच्या काठी बाजार, कोष्ट्यांच्या मागांची दिवसभर खटखट, अन् माझे बाबा म्युनिसिपालटीच्या नाक्यावर नाकेदार. घरी येताना ते कालचा पेपर काखेत मारून आणत आणि मला म्हणत, ‘वाच.’ मी मोठ्याने वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. आमच्या आळीत सातवी पास झालेल्या मुली आम्ही दोघीच. दुसरीला गणितात माझ्यापेक्षा चार मार्क जास्त होते, हे मी अजून विसरलेली नाही.

त्या सातवीचं सासरी काय झालं ते ऐका. मला दिलं ते कुहीकडच्या धानाच्या गावात. सासरे शेतकरी, नवरा शेतकरी, दीर शेतकरी. वाचायला घरात एक पंचांग आणि मिठा-मिरचीच्या पुड्यांचे कागद. मी ते कागदसुद्धा हाताने सपाट करून वाचायची. बायांमध्ये किंमत होती ती रोवणीची. गुडघाभर चिखलात वाकून भराभर धानाचं रोप लावत जाईल ती बाई. माझं रोप दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगताना दिसायचं. सासू म्हणायची, ‘शिकलेली सून आणली नं, आता धानालेच शाळेत घाला.’ बाया खिदळायच्या आणि मी धुमसत राहायची.

तीन वर्षांनी धाकटी जाऊ आली. उंच, सावळी, हातापायाने मजबूत, अन् एकदा हसायला लागली की थांबायचं नाव नाही. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. रोवणीत ती पुढे आणि बायांची अख्खी ओळ तिच्या मागे. बांधावर उभी राहून ‘या बांधीत इतके पोते होईन’ असं सांगायची आणि तितकेच व्हायचे. वर्षभरात सासू तिच्याच हातचं पाणी मागायला लागली. मला सगळे ‘अहो-जाहो’ करायचे, आणि तिला जीव लावायचे. माझ्याकडे एकच गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती, ती म्हणजे अक्षर. माहेरी पत्र लिहिताना मी न चुकता लिहायची, ‘धाकटी चांगली आहे, पण अडाणी आहे बिचारी.’ ते ‘बिचारी’ लिहिताना फार बरं वाटायचं.

ती मात्र मला ‘बाई’ म्हणायची आणि माझ्या पुड्यांच्या कागदांची घडी करून फडताळात ठेवायची. ‘बाईच्या वाचाच्या कामाचे आहे, चुलीत टाकू नका,’ असं सासूलाही बजावायची. मला वाटायचं, चिडवते आहे.

गावच्या कारभाराची कथा मला सासऱ्यांनी सांगितली. ओसरीवर लाखोळीची डाळ निवडताना ते हातभार लावायला बसत आणि एकेक सांगत. आधी मालगुजार होता. गाव त्याचं, तलाव त्याचा, तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत जाईल तेही त्याच्याच तोंडी. त्याच्या दारावरून जाताना लोक जोडे हातात घेत. मग सरकारने मालगुजारी काढून टाकली, तलाव सरकारात गेला, गावात पंचायत आली. ‘आता आपलं राज’ म्हणून लोकांनी गुलाल उधळला. अन् पहिला सरपंच कोण? मालगुजाराचा पोरगा! ‘पह्यले त्याच्या बापासमोर उभं राहून हो म्हणत होतो,’ सासरे म्हणायचे, ‘आता त्याच्यासंगं सतरंजीवर बसून हो म्हणतो. फरक तं पडला.’ सासरे स्वतः पंचायतीत पंच होते. स्वतःला असा चिमटा काढणारा माणूस मी तो एकच पाहिला.

पंचायतीत बायकांच्या दोन जागा असत. निवडणुकीला कोणी बाई उभी राहत नसे, मग पंच आपल्या मर्जीने दोघींना घेत. आधी ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. पण जिल्हा परिषदा झाल्या, पंचायत समितीचे साहेब जीपगाडीतून गावोगाव फिरायला लागले आणि बायकांच्या जागा रिकाम्या ठेवू नका असा वरून कागद आला. एक जागा सरपंचाने आपल्या म्हाताऱ्या आत्याला देऊन टाकली. दुसरी आमच्या घरी येणार, हे गावभर झालं होतं. आमच्या घरी म्हणजे कोणाला? घरात सातवी पास कोण होतं? हातच्या कांकणाला आरसा कशाला?

ज्या दुपारी सरपंच आमच्याकडे आला त्या दुपारी मी धुतलेलं पातळ नेसले. वेणी नव्याने घातली. चहाला दूध जास्त घातलं. कपबश्या घेऊन दाराशी आले तर सरपंचाचा आवाज कानावर आला.

‘काका, धाकटीचं नाव टाकतो.’

‘मोठी शिकलेली आहे गा,’ सासरे म्हणाले.

‘म्हणूनच म्हणतो. शिकलेली बाई वाचत बसते. वाचलं की विचारते. मंग कामं अडून राहते. धाकटी बरी.’

सासऱ्यांनी सतरंजीची दुमडलेली किनार सरळ केली. मग म्हणाले, ‘बरं.’

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या! खरं तर रागवायला पाहिजे होतं त्या सरपंचावर. माझ्या शिक्षणाचंच ओझं माझ्या डोक्यावर ठेवून तो वर माझ्याच हातचा चहा पिऊन गेला. पण तो पडला मालगुजाराचा मुलगा, ओसरीवर बसणारा. त्याच्यावर रागवायचं तरी कुठे उभं राहून? आणि जाऊ होती माझ्या चुलीशेजारी, रोज, चोवीस तास. माझा राग सोयीच्या जागी गेला.

तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मले? काहून? बाईले करा नं. मले का समजते त्यातलं?’ मी म्हटलं, नखरे बघा भवानीचे!

बायांनी सभेला जायची मनाई नव्हती, पण रीत नव्हती. सभा पुरुषांची. दुसऱ्या दिवशी पंचायतीचा म्हातारा चपराशी ठरावाचं बुक काखेत आणि शाईची डबी हातात घेऊन घरी यायचा, थेट स्वयंपाकघराच्या दारात. बुकात जाऊ सभेला ‘हजर’ असल्याचं आधीच लिहिलेलं असायचं. पंचांच्या सह्या झालेल्या असायच्या. खाली तिच्या नावापुढे रिकामी जागा. तिथे अंगठा उमटवायचा की झाली सभा. मग ती राखेने अंगठा घासत बसायची.

पहिल्याच खेपेला तिने चपराशाला थांबवलं. ‘बाई, काय लिहिलं आहे थे वाचा नं. अंगठा माझा आहे, मले माहीत पाह्यजे.’

मी वाचलं. वाचायला मला कोणीतरी सांगितलं, या आनंदात वाचलं. सेक्रेटरीच्या दोन चुकाही काढल्या. कोंडवाड्याचं छप्पर, शाळेच्या मागची नाली, तलावाच्या पाळीवरची झाडं. तिने हूं हूं करत ऐकलं आणि संध्याकाळी तलावावर धुणं धुताना बायांना सगळं सांगितलं. झाडून सगळं, क्रमाने, माझेच शब्द. बाया भांडी घासायच्या थांबल्या. गावात काय ठरतं हे बायांना त्याआधी कोणी सांगितलेलंच नव्हतं. दुसऱ्या महिन्यात त्या वाटच पाहायला लागल्या. ‘मेंबरीणबाई, या वेळेस का झालं वं?’ एक तर माझ्या समोर म्हणाली, ‘डोस्कं आहे हिचं. शिकली असती तं मास्तरीण झाली असती.’

बघा म्हणजे! वाचलं मी, आणि शहाणी ती. मी डोक्यावरचं धुण्याचं गाठोडं तिथेच आपटलं आणि घरी आले.

त्यानंतर जीप आली. बाई-मेंबरांचं दोन दिवसांचं शिबिर नागपुरात होतं आणि पंचायत समितीची जीप तिला न्यायला थेट आमच्या दारात. पोंगा वाजला, अर्धं गाव जमा. ती माझंच निळं पातळ नेसून गेली, मागितलं म्हणून द्यावं लागलं. मी खाप्याची, नाक्यावरच्या नाकेदाराची मुलगी, आणि आजवर जीपमध्ये बसले नव्हते! सासू दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी मागच्या अंगणात जाऊन पाखडलेलेच तांदूळ पुन्हा पाखडत बसले. दोन दिवसांनी ती आली ती बोलत-बोलतच. महाराजबागेतला वाघ, सीताबर्डीची गर्दी, साहेबांनी हात जोडून ‘ताई’ म्हटलं ते, आणि एक फोटो. पंचवीस-तीस बाया दोन रांगांत आणि मध्ये ही, माझं पातळ नेसून. दिराने तो फोटो काचेत बसवून ओसरीवर लावला. मी रोज झाडताना त्याच्याखालून जायची आणि मान वर करायची नाही.

फोटो लागल्यापासून माझं वाचणं बंद झालं. चपराशी आला की मला कणिक मळायची असायची, नाही तर डोकं दुखायचं. ‘बाई, वाचा नं’ असं ती म्हणायची आणि मी लांबूनच बुकावर नजर टाकून म्हणायची, ‘नेहमीचंच आहे वं. लाव.’ ती लावायची. बायांना सांगायला तिच्याकडे काही उरलं नाही. ‘या खेपेस नेहमीचंच आहे म्हणते,’ एवढंच ती तलावावर सांगायची. मला वाटायचं, आता सांगा म्हणावं मास्तरीणबाई.

मग ते दुष्काळाचं साल आलं. तलावाच्या तळाला भेगा पडल्या, त्यात पाय अडकावा इतक्या. गावच्या दोन विहिरींतली एक आटली. दुसरीत बादली सोडली की तळाचा चिखल खरवडून वर यायची. बाया पहाटेपासून विहिरीवर ओळ लावत आणि पाण्याच्या एकेका गुंडासाठी, म्हणजे घागरीसाठी, भांडत. अशात बातमी आली, सरकार गावोगाव मशीन पाठवून बोरिंग करून देत आहे. आमच्या गावाला एक मिळणार होतं, एकच. बायांनी जागाही ठरवून टाकली. शाळेजवळ, जिथे तिन्ही मोहल्ल्यांच्या वाटा येतात तिथे. कोणालाच लांब नाही. आमच्या घरापासून तर पन्नास पावलांवर.

जाऊ उठली आणि स्वतः सरपंचाच्या दारात गेली. पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, बोरिंग शाळेजवळ पाहिजे. तो हसून ‘पाहू, पाहू’ म्हणाला. तिला तेवढं पुरलं. विहिरीवर येऊन तिने सगळ्यांदेखत सांगितलं, ‘शाळेजवळच होईन. नाही झालं तं मले मेंबरीण म्हणू नका.’ एका म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी ओळीत सातवी उभी होते, रिकामा गुंड घेऊन. तहान लागली होती, ऊन लागत होतं. पण मला खरं लागलं ते, ते बोटं मोडणं.

चार दिवसांनी चपराशी आला. जाऊ गोठ्यात शेण काढत होती, हात कोपरापर्यंत भरलेले. ‘बाई, तुमीच घ्या बुक, पाहा नं बोरिंगचं का लिहिलं आहे,’ ती आतूनच ओरडली. मी बुक घेतलं. या वेळी कणिक नव्हती, डोकंही दुखत नव्हतं. मी वाचलं.

गावाला मंजूर झालेलं बोरिंग सरपंचांच्या आवाराला लागून दक्षिणेच्या कोपऱ्यात घेण्यात यावं. सर्वानुमते मंजूर. खाली सगळ्या पंचांच्या सह्या, त्यात माझ्या सासऱ्यांची. तेव्हा मला उमगलं, आदल्या रात्री ते मान वर न करता का जेवले ते. मी पुन्हा एकदा वाचलं, पहिल्या शब्दापासून. चपराशाला वाचता येत नव्हतं. तो उंबऱ्याशी बसून तंबाखू मळत होता.

जाऊ हात धुऊन, पदराला पुसत आली. ‘बरोबर आहे नं?’

आता इथे मी जे केलं ते घाईत झालं, असं सांगून मला सुटता येणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. बाया तिला घेरून उभ्या आहेत आणि ‘काहून वं मेंबरीण?’ म्हणून जाब विचारत आहेत. ते मला पाहायचं होतं. बाकी काही मनात आलंच नाही. पाणी मनात आलं नाही, गाव मनात आलं नाही. मी बुक तिच्यासमोर धरलं आणि म्हटलं, ‘हव, आहे बरोबर. लाव.’

तिने अंगठा लावला. त्या दिवशी तो फार स्वच्छ उमटला, रेघ न् रेघ.

मशीन आलं. मोठा ट्रक शाळेवरून सरळ पुढे गेला आणि सरपंचाच्या आवाराशी थांबला. दिवसभर जमीन हादरत होती, पांढरी धूळ उडत होती, मग पाण्याचा फवारा उडाला. पोट्टे नाचले. बाया नाचल्या नाहीत. त्या सरळ आमच्या दारात आल्या. वीस-बावीस जणी होत्या. सरपंचाने त्यांना बुक उघडून दाखवलं होतं म्हणे. ‘तुमच्या मेंबरणीचाच अंगठा आहे, मले काहून बोलता?’

मी ओसरीवर होते. मला जे पाहायचं होतं ते माझ्या दारात चालून आलं होतं. एकीने हात ओवाळून तिला शिव्या घातल्या. जिने बोटं मोडली होती ती म्हातारी म्हणाली, ‘आमाले पाण्याची आशा लावली अन् मालगुजाराले पाणी पाजलं वं तुनं.’ जाऊ उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मनात तयारी करून ठेवली होती. ती ‘बाईनं असं सांगितलं’ म्हणाली की मी ‘मी कुठे वाचलं, मी तर कामात होते’ म्हणणार होते.

ती म्हणाली, ‘मले वाचता येत नाही. न वाचता अंगठा लावला, थे चूक माझी आहे.’

एवढंच. माझं तयार केलेलं उत्तर तोंडातच राहिलं. बाया बडबडत निघून गेल्या. आणि काय सांगू, शरम वाटायच्या ऐवजी मला तिच्या त्या उभं राहण्याचाच हेवा वाटला. माझ्याच्याने तसं उभं राहवलं नसतं, हे मला ठाऊक होतं. शरम नंतर आली, पाणी भरताना.

कारण पाणी मलाही भरावं लागत होतं! सरपंचाचं आवार गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, चढावर. आधी त्याच्या घरची भांडी भरणार, मग त्याचे बैल पिणार, त्याच्या वाडीतली वांगी पिणार, मग बायांची ओळ. डोक्यावर एक गुंड, त्यावर दुसरा, कडेवर पोर, आणि उताराने पाय घसरत घरी. एक नाही, दोन नाही, पुढची सगळी वर्षं. माझी मान जी दुखायला लागली ती इथे नागपुरात रामदासपेठेतल्या डॉक्टरालाही आवरली नाही. तो विचारतो, ‘मानेला कधी मार लागला होता का?’ काय सांगू त्याला? वाटेत कितीदा तरी जाऊ मागून येऊन माझ्या डोक्यावरचा वरचा गुंड उचलून स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. ‘द्या बाई इकडे.’ मी देऊन टाकायची. नाही म्हणायला मानेत जोर नसायचा.

त्याच उन्हाळ्यात ती माझ्याकडे पाटी घेऊन आली. ‘बाई, मले शिकवा.’

तुम्हाला वाटेल, मी पाघळले असेन. कसली पाघळते! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. रोवणी तिची, सासू तिची, गाव तिचं, आता माझं अक्षरही हिला पाहिजे? मी तिला फक्त तिचं नाव लिहायला शिकवलं. पाच अक्षरं, चित्र काढावं तशी. ‘झालं,’ मी म्हटलं. ‘आता अंगठ्याची गरज नाही.’ ती महिनाभर ती पाच अक्षरं गिरवत राहिली. मग तिच्या लक्षात आलं असावं, की यात आपलं नाव आहे पण वाचणं नाही. तिची मोठी पोरगी पहिलीत जात होती. ती चुलीपाशी पुस्तक घेऊन बसली की आई तिच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर विचारायची. पोरगी दुसरीत गेली तोवर आई जोडाक्षरांना पोचली होती. मला कोणी विचारलंच नाही.

मग चपराशी यायचा आणि बसून राहायचा. ही ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द वाचायची. त्याच्या दोन चिलमी व्हायच्या. एकदा तिने सही केलीच नाही. ‘यात गुरांच्या चराईची जागा कोणाले दिली थे लिहिलं नाही, लिहून आणा,’ म्हणून बुक परत पाठवलं. सरपंच काय समजायचं ते समजला. बायांचं तिच्याशी केव्हाच मिटलं होतं. पंचायतीत काय चाललं आहे ते तलावावर पुन्हा कळायला लागलं होतं.

पुढची निवडणूक लागली. सरपंच आता हिला घेणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. एका दुपारी मी ओसरीवर लाखोळी निवडत होते. सासरे जाऊन वर्ष झालं होतं, एकटीच निवडत होते. जाऊ तहसिलीच्या गावाहून आली, घामाने निथळत, आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. निवडणुकीचा फॉर्म. बोरूच्या जाडीचा पेन पदराच्या गाठीतून सोडून पुढे केला.

‘सही करा.’

मी पेन घेतला. तिला सूचक पाहिजे असणार, असं वाटलं. तिच्या फॉर्मवर माझं नाव खाली कुठेतरी, हे तर ठरलेलंच. मी टेकवणार, तोच तिने माझं मनगट धरलं.

‘आधी वाचा बाई. पूर्ण वाचा, मंग करा.’

मी वाचलं. उमेदवाराच्या जागी माझं नाव होतं, तिच्या हाताने लिहिलेलं, वेलांट्या वाकड्या. सूचक म्हणून खाली तिची सही. तीच पाच अक्षरं.

‘हे काय वं? तू उभी राहा नं. गाव तुझं आहे,’ मी म्हटलं. तेव्हासुद्धा ‘गाव तुझं आहे’ हे जरा आंबटच निघालं तोंडातून.

‘माझा अंगठा त्या पानावर आहे,’ ती म्हणाली. ‘मी उभी राह्यली की सरपंच थेच पान दारोदार दाखवन. तुमचा हात कुठंच लागलेला नाही. तुमी उभ्या राहा. मी हिंडतो घरोघर.’

‘कोणतं पान?’ माझ्या तोंडून निघून गेलं.

ती जमिनीवर बसली आणि माझ्या सुपातली लाखोळी निवडायला लागली. ‘बोरिंगचं. मले वाचता यायला लागलं तवा चपराशाले म्हटलं, जुनं बुक आण. पह्यलं पान थेच काढलं. तुमी सांगितलं होतं तसं तं नव्हतं त्यात.’

माझ्या हातात पेन तसाच राहिला. किती वर्षं झाली होती ते वाचून? दोन? तीन? इतकी वर्षं ती माझ्या डोक्यावरचा गुंड उचलत होती.

‘मग मला विचारलं का नाही?’

‘काय विचारू?’ तिने एक खडा काढून अंगणात टाकला. ‘तुमी घाईत नीट वाचलं नसन. मी थेच धरून चालली. पाणी तं तुमालेही लागत होतं नं, बाई.’

मी सही केली. निवडून आले. तिने घरोघर हिंडून मला निवडून आणलं. शाळेजवळ दुसरं बोरिंग झालं ते माझ्याच ठरावाने, माझ्या हाताने लिहिलेल्या. आणि बाया पाणी भरताना म्हणाल्या, मेंबरीणबाईनं केलं. त्या कोणाला म्हणत होत्या ते मी विचारलं नाही. माहीत होतं. झोंबलंच, आजही झोंबतं.

पण मी नीट वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं, पहिल्या शब्दापासून. तिने घाईची पळवाट पुढे केली आणि मी त्या दुपारी गुपचूप त्या वाटेने निघून गेले. नंतर मेंबर झाले, मग मुलाजवळ नागपूरला राहायला आले, नळाचं पाणी प्यायला लागले, पण तिला हे कधी सांगितलं नाही. आता इथे लिहिलं आहे. याची एक प्रत गावी जाईल. ती वाचेल. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचते ती, आणि एक शब्दही सोडत नाही.